सुतकात ऐकलेला अल्बम

मंडळी, आपल्या मेटल संगीताच्या ग्रुपवर महिनाभर ज्या डेथ मेटल अल्बमचं कौतुक चाललंय, तो आज दुपारी हुमनाबादच्या घरी मी पूर्ण ऐकला.

अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन आठवडा झालाय. तुमच्यापैकी एकाने मेसेज केला होता, "आता तुला हा अल्बम खरा कळेल, सगळा मरणावरच आहे." म्हणून मोबाईल घेऊन माळवदावर बसलो होतो. तेवढ्यात थोरली बहीण वर आली.

"सुतकात गाणी ऐकायलास व्हय रे?"

मी एक इअरफोन तिच्या कानाला लावला. ती दचकली. "अगं बाई, हे गाणं हाय का खडी फोडायची मशीन? ऐक बाबा, ह्याला कुणी गाणं म्हणणार न्हाई."

"अक्का, लोक ह्याला दहापैकी दहा द्यायलेत."

"कामून?"

का, ते शोधायला ती गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून ऐकला.

आता माझं मत. ड्रम जबरदस्त आहेत. चौथं गाणं मध्येच संथ होतं, तिथे अंगावर काटा आला. बाकी नुसता वेग आणि आरडाओरडा. सध्या मला कशानेही रडू येतं. परवा अप्पांच्या मोबाईलवर जाहिरातीचा फोन आला, तर त्या रिंगटोननेही आलं. या अल्बमने नाही आलं.

दहापैकी पाच. तुम्ही रागावलात तरी ही पोस्ट काढणार नाही.

ज्यांना तो खरंच भिडला, त्यांनी नेमका कुठे ते लिहा. ती जागा मी पुन्हा ऐकेन. पण माझे वडील गेलेत म्हणून तो मला आवडलाच पाहिजे, असं कुणी सांगू नका.