वझे रावसाहेबांच्या म्युझियमातली घागर

बयाबाईला कुणी फुकटचं मोठेपण दिलं, की तिला आधी शंका यायची की आता ह्याचं काय अडलंय. त्यामुळे चैत्रातल्या त्या दुपारी वझे रावसाहेबांचा दत्तोबा माळी स्वतःच्या पायांनी महारवाड्यात आला आणि नेहमीच्या ‘ए बये’ऐवजी ‘बयाबाई’ म्हणाला, तेव्हा तिनं खडी फोडायचा हातोडा खाली ठेवलाच नाही.

“रावसाहेबांनी बलावलंय,” दत्तोबा लांबूनच म्हणाला. “रविवारी म्युझियम उघडायचं हाय. पुण्यास्नं पाव्हणं येणार हायेत. तू घागर घिऊन हिरीपाशी उभं ऱ्हायचं. फोटू काडणार हायेत.”

“आन पाणी?”

“पाणी कशाला? फोटूत पाणी कुटं दिसतं? आन हे बघ, जुनेरं नेसून ये. नवं लुगडं नको.”

“नवं हाय कुटं माज्यापाशी?” बयाबाई म्हणाली. पण नाही म्हणाली नाही, कारण त्या विहिरीशी तिचं काम होतं.

लोणावळ्याहून खंडाळ्याकडे जाताना डाव्या अंगाला वझ्यांचा बंगला लागतो. आवाराच्या कोपऱ्यात विहीर. उन्हाळ्यात सगळ्या आळीनं तिथं पाणी भरावं, हा जुना रिवाज. सगळ्या म्हणजे महारवाडा सोडून सगळ्या, हे कुणी वेगळं सांगत नसे. महाडच्या तळ्याची बातमी रेल्वेच्या गँगमध्ये काम करणाऱ्यांनी घाट चढवून वर आणली. बयाबाईचा नवरा शिदू त्याच गँगमध्ये होता. त्यानंतर दोन वर्षांनी, एकोणतीस सालच्या वैशाखात, सव्वीस वर्षांची बयाबाई मडकं घेऊन सरळ विहिरीवर गेली.

विहिरीवर तेव्हा आळीतली रतनबाई उभी होती. तिनं काखेतली तांब्याची घागर बयाबाईच्या कपाळावर हाणली. मडकं फुटलं, कपाळ फुटलं आणि घागरीला पोचा पडला. रतनबाईच्या हातून घागर निसटून खाली पडली, ती बयाबाईनं उचलली, दोराला बांधली आणि डोळ्यांत रक्त उतरत असताना विहिरीतून भरून वर काढली. मग तिथंच बसून ओंजळीनं प्यायली. रतनबाई किंचाळत घरी गेली आणि ती घागर आता माझ्या घरात नको म्हणाली. बयाबाई तरी दुसऱ्याचं भांडं घरी कशाला नेईल? घागर बंगल्याच्या अडगळीत पडली. फौजदार आला, चौकशी झाली, आणि विहीर सगळ्यांची असा वरून हुकूम आला.

रावसाहेब त्या दिवशी माडीवर होते. खिडक्या लावून घेऊन चहा पीत होते.

पुढं सतरा वर्षं महारवाडा त्या विहिरीवर पाणी भरत होता. शिदू गेला, बयाबाईच्या दोन लेकी नांदायला गेल्या, आळीत नळ आले, महारवाड्यात ते आले नाहीत. आणि ह्या फाल्गुनात रावसाहेबांना पेन्शनीतल्या माणसाला होतो तो आजार झाला: त्यांना इतिहास आठवला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. त्यांनी बंगल्याचं म्युझियम केलं, विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, जाळीला कुलूप घातलं आणि वर पाटी लावली. पाटीवर काय लिहिलंय ते बयाबाईनं शाळेत जाणाऱ्या एका पोरीकडून वाचून घेतलं. ‘ऐतिहासिक विहीर. कृपया स्पर्श करू नये.’

ते ऐकून ती इतका वेळ हसली, की पोरगी घाबरली.

पण हसून हंडा भरत नाही. महारवाड्यातल्या बाया भुशीच्या ओढ्यापर्यंत पायपीट करायला लागल्या. नंदाबाई पोटुशी, ती वाटेत दोनदा पडली. बयाबाई तीनदा रावसाहेबांकडे गेली. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, “बयाबाई, ही राष्ट्राची ठेव आहे.”

“राष्ट्राला तहान लागत न्हाई व्हय?” बयाबाईनं विचारलं. रावसाहेब आत निघून गेले. आता कुलूप निघायचं तर रविवारीच, हे तिनं ओळखलं. वाड्यातल्या बायांना तिनं एवढंच सांगितलं की, रिकामे हंडे घेऊन फाटकाबाहेर बसा.

रविवारी पुण्याहून तीन मोटारी आल्या. खादीतले पाहुणे, त्यांच्या बायका, एक फोटोग्राफर. रावसाहेबांनी बयाबाईला सगळ्यांच्या मागं, जिन्याशी उभं केलं आणि म्युझियम दाखवायला सुरुवात केली. एका दालनात अकरा घड्याळं, अकराही वेगवेगळी वेळ दाखवणारी. पेंढा भरलेला बिबट्या, त्याच्या एका डोळ्यात पोरांची खेळायची गोटी. घाटातला बोगदा खणणाऱ्या गोऱ्या इंजिनेराचा एक बूट. रावसाहेबांच्या वडिलांची कवळी, मखमलीवर. आणि कोणी पुढारी अडीच मिनिटं टेकला होता ती खुर्ची. तिच्यावर दोरी बांधली होती, जणू पुढारी अजून बसलेलाच आहे. पाहुणे प्रत्येक वस्तूपुढं ‘वा’ म्हणत होते. कवळीपुढंही म्हणाले. शिकलेल्या माणसांना एवढ्या थोड्यात आनंद होतो हे बयाबाईला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या खोलीत काचेच्या कपाटात ती घागर होती, चिंचेनं घासून लख्ख केलेली. रावसाहेबांनी घसा साफ करून चिठ्ठी वाचली. “याच घागरीनं आमच्या हरिजन भगिनी बयाबाई यांनी प्रथम पाणी भरलं. घागरीवरचा पोचा सनातन्यांनी मारलेल्या दगडाचा. त्या प्रसंगी रावसाहेब वझे यांनी धीरोदात्तपणे जमावास शांत केलं.”

एक चष्मेवाली बाई कपाटाजवळ वाकली. “पण काठावर नाव तर ‘रतनबाई भिमाजी’ असं आहे.”

मावळातलं शेंबडं पोरही भांडं उचललं की आधी काठावरचं नाव बघतं. लग्नाकार्यात, गावजेवणात शंभर घरची भांडी एका पंगतीला येतात. नाव घातलेलं नसेल तर कुणाची घागर कुणाच्या घरी जाईल त्याचा नेम नाही. रावसाहेबांनी जन्मभर भांड्यातलं खाल्लं होतं, भांडं कधी ओळखलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा इतिहास क्षणात पुसला गेला.

“त्या... देणगीदार असाव्यात,” ते म्हणाले.

“देणगी व्हय!” बयाबाई पुढं आली. तिनं पदर मागं सारून कपाळावरची खूण दाखवली. “ही बगा रतनबाईची देणगी. दगड कुणी मारला न्हाई. घागर हाणली, हितं. त्यो पोचा माज्या कपाळाचा हाय. आन जमाव बिमाव न्हवता. आमी दोघीच. रावसाब वर चा पीत व्हते.”

एक पाहुणे हळूच ‘वा’ म्हणाले, आणि फोटोग्राफरनं विचारलं, घागर कपाळाशेजारी धरता येईल का. बयाबाईला त्यांची कीव आली नाही. राग आला, आणि तो तिनं घोटून ठेवला, कारण काम अजून व्हायचं होतं.

सगळे विहिरीवर गेले. तिच्या हातात घागर दिली. ती जाळीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, ह्या जाळीपायी फोटू तुरुंगातला वाटंल.”

फोटोग्राफरनं यंत्रातून बघितलं. “खरंय, रावसाहेब. जाळी फार वाईट दिसते.”

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? रावसाहेबांनी मान हलवली. दत्तोबानं कुलूप उघडलं, किल्ली त्यातच राहू देऊन कठड्यावर ठेवलं आणि जाळी बाजूला सरकवली. बयाबाईनं घागरीला दोर बांधला, घागर सोडली, भरून वर ओढली. फोटो निघाला.

“छान. आता ओता परत,” रावसाहेब म्हणाले.

बयाबाईनं कठड्यावरचं कुलूप किल्लीसकट उचललं आणि विहिरीत टाकलं. मग फाटकाकडं तोंड करून हाक मारली, “नंदे! या गं समद्याजणी!”

वीसएक बाया हंडे घेऊन आत शिरल्या. रांग लागली. बयाबाईनं पहिली घागर नंदाबाईच्या हंड्यात ओतली. रावसाहेबांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात चष्मेवाल्या बाईनं टाळी वाजवली. कार्यक्रमच असा ठरलाय असं सगळ्या पाहुण्यांना वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्यात, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा करून, रावसाहेबांनीही टाळ्या वाजवल्या.

आठवड्यानं पुण्याच्या एका वर्तमानपत्रात फोटो छापून आला. खाली मजकूर होता: विहीर सर्वांस सदैव खुली ठेवणारे थोर सुधारक रावसाहेब वझे. रावसाहेबांनी कात्रण चौकटीत बसवून घागरीच्या रिकाम्या कपाटात लावलं. नवं कुलूप घालायची सोय आता त्यांना उरली नव्हती.

दत्तोबा घागर मागायला महारवाड्यात आला, तेव्हा बयाबाई तिच्यातलं पाणी रांजणात ओतत होती.

“त्या घागरीवर तुजं नाव न्हाई,” दत्तोबा म्हणाला.

“रावसाबाचंबी न्हाई,” ती म्हणाली. “जिचं हाय तिला सांग, सतरा वर्सं झाली. हितं यावं आन माज्या हातनं घिऊन जावी.”

दत्तोबानं निरोप पोचवला. रतनबाई आली नाही.