खांबामागची टेप

वाचातज्ज्ञ बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा टेप्याला हसूच आलं. कित्येक महिन्यांतलं पहिलं हसू.

“यांच्या जुन्या आवाजाचं काही रेकॉर्डिंग आहे का घरात?” बाई म्हणाल्या. “आजाराआधीचं. मिनिटभराचंही चालेल, पण सलग बोललेलं हवं, आणि फक्त यांचाच आवाज हवा. त्यावरून फोनमध्ये यांचा आवाज तयार करता येतो. या टाइप करतील आणि फोन यांच्या आवाजात बोलेल.”

“माझ्या घरी अकराशे कॅसेट आहेत,” टेप्या म्हणाला. “किती मिनिटं हवीत ते सांगा.”

“मग गुरुवारी घेऊन या. नसेलच काही, तर तयार आवाजांतला एखादा निवडू.”

शेजारी बायको बसली होती. स्वरयंत्र काढायच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते. गळ्यातल्या भोकावर पातळ रुमाल आणि मांडीवर लिहायची पाटी. ती नुसती नवऱ्याकडे बघत राहिली. तिला तेव्हाच कळलं असणार. या शहाण्याला कळायला रविवार उजाडला.

टेप्या पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा. तळमजल्यावर उभं राहून, डोळे मिटून, वरच्या मोटरचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. बाकीचा जन्म त्याने एका रॉक बँडला वाहिला होता. चार दाढीवाले, त्यातले दोन आता हयात नाहीत. बँड जवळपास कुठेही वाजवायला आला की हा कोटात रेकॉर्डर लपवून आत शिरायचा, बाहीतून माइक काढायचा आणि दोन तास पुतळ्यासारखा उभा राहायचा. त्याच्यासारखे आणखी पाचपन्नास वेडे होते. ते एकमेकांना पोस्टाने टेपा पाठवायचे, एकाच मैफलीच्या चार चार टेपा शेजारी ठेवून ऐकायचे आणि कुठल्या टेपेत झांज जास्त स्वच्छ आली यावर सहा पानी पत्रं लिहायचे.

या मंडळींचा एकच धर्म होता: टेपेत माणूस ऐकू येता कामा नये. टाळ्या दुरून आलेल्या चालतील. पण शेजारचा कोणी बोलला, खोकला, सोबत गायला, की टेप नासली. टेप्या या धर्मातला कट्टर. मैफलीला जाताना तो बायकोला बजावायचा, “आत गेल्यावर एक शब्द नाही हां.” घरी एका कॅसेटची दुसरी करत असला तरी खोलीचं दार बंद. कॉपी वायरीतून होते, तिला बाहेरचा आवाज लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी दार बंदच. सवय.

आणि बायको कशी? दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. दिवसभर नंबर पुकारायचे, घाबरलेल्यांना बोलण्यात गुंतवायचं, रडणाऱ्यांना हसवायचं. डॉक्टर म्हणायचे, भूल मी निम्मीच देतो, निम्मी या देतात. घरी आल्यावर दिवसभराचं सगळं नवऱ्याला सांगायचं असायचं, आणि नवऱ्याच्या कानांवर हेडफोन.

रविवारी संध्याकाळपर्यंत टेप्याने घर पालथं घातलं. तिच्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती दिसत होती, ओठ हलत होते, वर बँडबाजा चढवलेला. फोनमधलं जे काही होतं ते गेल्या तीन वर्षांतलं, म्हणजे घोगरं, फाटलेलं. आणि अकराशे कॅसेटींत आपल्या बायकोचा एक शब्द नाही, हे टेप्याला मान्य करावं लागलं. तिचा आवाज नेमका कसा होता, तेही आता नीट आठवेना. बेअरिंगचा आवाज आठवत होता.

एकच आशा होती. लग्नाआधीची ती दुपारची मैफल, फुटबॉलच्या मैदानावरची. त्या दिवशी ती शेजारी उभी होती आणि मधे काहीतरी बोलली होती, एवढं त्याला पक्कं आठवत होतं, कारण ते त्याने स्वतः काढून टाकलं होतं. कॉपी करताना बोलणं आलं की पॉज, संपलं की पुन्हा सुरू. ती कापलेली टेप वेड्यांच्या जगात ‘स्वच्छ’ या नावाने गाजली. मूळ कॅसेटवर त्याने पुढच्या महिन्यात दुसरी मैफल भरली. पण कापण्याआधी त्याने मुळाबरहुकूम एक कॉपी जाड्याला दिली होती.

जाड्या म्हणजे त्याच्याच कंपनीत लिफ्टचे दरवाजे बसवणारा, आता निवृत्त. टेप्याने त्याला फोन लावला.

“ती होय? ती कोणाला तरी दिली बाबा,” जाड्या म्हणाला. “त्याने पुढे दिली असेल. तीस वर्षं झाली! पण त्या मैफलीच्या टेपा बाजारात पाचच आहेत. त्यातलीच एखादी तुझ्या पोटची असेल. पाचही आहेत माझ्याकडे, घेऊन जा.”

सोमवारपासून टेप्याने रजा टाकली आणि टेपा ऐकायला बसला. वेड्यांनी दोषांवरून पाडलेली नावं होती त्यांना: ‘स्वच्छ’, ‘खोकल्याची’, ‘शिट्टीवाली’, ‘पावसाची’ आणि ‘खांबामागची’. आपली कशी ओळखायची ते त्याला माहीत होतं. त्या दिवशी रेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरत होत्या, भरताना टेप हळू फिरली होती, म्हणून ऐकताना तिसऱ्या गाण्यापासून ती किंचित वेगात धावायची. शिवाय दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला कोटाचं बटण माइकवर आपटलं होतं. टक्.

‘स्वच्छ’ त्याचीच, कापलेली, ती बाजूला ठेवून ‘खोकल्याची’ पहिल्यांदा लावली. बटण नाही. तरी शेवटपर्यंत ऐकली, न जाणो. ‘शिट्टीवाली’ तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाची निघाली. ‘पावसाची’मध्ये एक बाई हसली आणि टेप्या ताडकन उठून उभा राहिला. तेवढी जागा त्याने चाळीस वेळा ऐकली. ते हसू हिचं नव्हतं. पण नव्हतं हे ठरवायलासुद्धा त्याला आख्खा मंगळवार लागला, आणि याच गोष्टीने तो जास्त हादरला.

बायको दारात येऊन उभी राहिली. पाटी पुढे केली: ‘जेवून घे.’

“तू कुठे उभी होतीस गं? माझ्या डावीकडे की उजवीकडे?”

तिने लिहिलं, ‘डावीकडे. जेवून घे.’

‘खांबामागची’ त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती. खांबामागे उभं राहून भरल्यासारखी ती बोदी, खरखरीत टेप होती. कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी. वेड्यांच्या यादीत टेप्यानेच, पहिलं गाणं जेमतेम ऐकून, तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘ऐकण्याच्या लायकीची नाही. ज्याने भरली त्याने हा नाद सोडावा.’

बुधवारी सकाळी ती लावली. दुसरं गाणं सुरू झालं. टक्.

टेप्याने हेडफोन कानांवर दाबून धरले. तिसरं गाणं धावत आलं, धावत संपलं. टाळ्या. मग टाळ्यांच्या अलीकडे, कानाला खेटून:

“अरे, ऐक ना, मला तुला एक—”

“श्श!”

चौथं गाणं. पाचवं, सहावं, सातवं. कॅसेटची बाजू संपत आली.

“आता बोलू?”

“टेप संपू दे.”

खट्. बाजू संपली. दुसऱ्या बाजूवर ती पुन्हा बोललीच नाही. टेप्याने ती दोनदा, तीनदा, संध्याकाळपर्यंत ऐकली. ती कुठे गेली नव्हती, डावीकडेच उभी होती. फक्त गप्प होती. सगळा मिळून आवाज भरला चार सेकंद, त्यात टाळ्या आणि त्याचं स्वतःचं ‘श्श’. त्याच्या ‘श्श’ची मात्र नक्कल करता आली असती, इतकं ते स्वच्छ आलं होतं.

तो हमसून रडला. स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली, पण ती आली नाही.

गुरुवारी त्याने तरीही ती कॅसेट नेली. बाईंनी ती ऐकली, त्यांच्याकडच्या तंत्रज्ञाने ऐकली. त्याने मान हलवली.

“एवढ्यावर नाही हो होणार,” बाई हळूच म्हणाल्या. बायकोने तेव्हा प्रथमच ती टेप ऐकली. चेहरा कोराच. मग तिने कागदावरच्या यादीतल्या तिसऱ्या आवाजावर बोट ठेवलं. बँकेला फोन केल्यावर जो गोड आवाज थांबायला सांगतो, तसलाच तो होता.

घरी आल्यावर टेप्याला राहवेना. ती ओट्याशी चहाचं आधण ठेवत होती.

“त्या दिवशी काय सांगायचं होतं गं तुला?”

ती थांबली. तिने बराच वेळ विचार केला, खरंच आठवून पाहत होती. मग हात पुसले, फोन घेतला, टाइप केलं. तो परका, गोड आवाज स्वयंपाकघरात बोलला:

“आठवत नाही. तेव्हाच विचारायचंस ना.”

दोन मजल्यांवरून बिघाड ओळखणारा टेप्या कान देऊन ऐकत होता. ती चिडली होती, थट्टा करत होती की तिला रडू येत होतं, त्या आवाजावरून काहीच कळत नव्हतं. ते कळायला तिच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. त्याने वर पाहिलं तोवर तिने पाठ फिरवून गॅस बारीक केला होता.