तिसरं घमेलं

मी चौथीपर्यंत शिकलो. पण पाणी कसं आहे ते साबणाच्या फेसावरून सांगतो. कारखान्यात बॉयलरला मऊ, बिनचुन्याचं पाणी देण्याच्या कामावर माझी सारी नोकरी गेली, आणि माझ्या पाळीत नळीला कधी चुन्याचा थर धरला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझी चूक येणार आहे.

रिटायर व्हायच्या आधी कारखान्याजवळच, मरोद्याकडं प्लॉट घेतला. घराआधी विहीर खणली. एक मजूर होता, दुसरा मी. पाणी असं गोड लागलं की बायको वरण त्याच पाण्यात शिजवू लागली. लाइट गेली की सारी गल्ली बादल्या घेऊन आमच्याकडं.

मग कॉलनीच्या बोअरच्या जड पाण्यानं लोकांचे गीझर बिघडू लागले. कमिटीनं आमच्या कुंपणाला लागून सॉफ्टनर बसवला. त्याच्या टाकीत पिवळे मणी असतात, ते पाण्यातला चुना धरून ठेवतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे आणि ते पाणी नालीत सोडून द्यायचं. हे काम मी मागून घेतलं. भरले असोत नसोत, रोज सकाळी मणी धुवायचो. तीन घमेली मीठ. दोन मण्यांसाठी, तिसरं मनाच्या समाधानासाठी. कारखान्यात आम्ही तसंच करायचो. थर धरला तर साहेब ओरडायचा, मीठ जास्त गेलं तर कोणी विचारत नव्हतं.

वर्ष झालं. एका दुपारी जेवता जेवता मी म्हटलं, "वरण झकास झालं."

"झकास?" बायको म्हणाली. "महिन्यापासून अर्धंच मीठ टाकून राहिली मी. समजलं का तुमाले?"

"कावून?"

"बाकीचं तुमची विहीर टाकते."

हात न धुता उठलो. बादली ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खारट. हळूहळू वाढलेलं, म्हणून जिभेला कळलंच नव्हतं. नाली कच्ची, विहिरीपासून दहा हातांवर. रोज सकाळी मी माझ्याच विहिरीत मीठ मुरवत होतो.

कमिटीचा सेक्रेटरी इंजिनियर आहे. पोरगा आपल्यातलाच, मराठी, पण बोलता बोलता हिंदीत जातो. त्याला जाऊन सांगितलं, तर म्हणाला, "काका, टेन्शन कायले घेता? पाइप लंबा कर देंगे, सीधा तालाब में."

"अन् तलावातून कुठं जाईन ते? बॉयलरमधी पाण्याची वाफ होते, मीठ खालीच रायते. तलावातबी तसंच. एकदा टाकलं का निंघत नाई, बाबू. टाकाचंच कमी."

"कंपनीवाला रोज धोने को बोला था. कमी टाकलं अन् लोकांचे गीझर गेले तर?"

"गेले तर माया गीझर काढून तुया घरी लावून देतो."

"ठीक आहे. पण तीन घमेले की आदत किसकी थी, काका?"

मी साबण शोधायला घरी निघालो.

दुसऱ्या दिवसापासून मणी धुणं बंद. सकाळी बाटलीत सॉफ्टनरचं पाणी घ्यायचं, साबणाचं पाणी टाकून हलवायचं, बघायचं: फेस टिकला तर पाणी मऊ, बसला तर मणी भरले. सेक्रेटरी ऑफिसला जाताना गाडी थांबवून उभा राहायचा, मी हरतो कधी ते पाहायला. पहिल्या दिवशी फेस टिकला. दुसऱ्या दिवशी टिकला. तिसऱ्या दिवशीही बाटलीच्या गळ्यापर्यंत! चौथ्या दिवशी बसला, तेव्हा दोन घमेल्यांत मणी धुतले. हट्टानं एकदा एकच घमेलं टाकून पाहिलं, तर दुसऱ्याच सकाळी फेस गायब. म्हणजे दोनच, आणि तेही चौथ्या दिवशी. तिसरं घमेलं मी भिंतीवर पालथं टाकलं. ते अजून तिथंच आहे.

एकाही घरून गीझरची तक्रार आली नाही. पण विहीर काही लगेच ऐकत नव्हती. पावसाळा गेला तरी पाणी मचूळच. दर आठवड्याला मी चाखायचो आणि बायको ओट्यावरून विचारायची, "काय म्हणते तुमची पोरगी?" विहिरीला ती माझी पोरगीच म्हणायची.

थंडी पडल्यावर एक दिवस वरणाचा पहिला घास घेतला आणि थांबलो. सपक! बायकोनं सवयीनं अर्धंच मीठ टाकलं होतं.

"मीठ कमी हाय," मी म्हटलं.

तिनं बोट बुडवून चाखलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि अशी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

मी वाटी उचलली आणि तशीच सेक्रेटरीच्या घरी नेली. "चाख," म्हटलं. त्यानं दारातच चाखलं. "काका, इसमें तो नमक ही नहीं है."

"हाव ना!" मी गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडलो.

मी चुकलो होतो, असं त्या दिवशीही म्हटलं नाही. आता लिहून देऊन राहिलो, तेवढं पुरे.