तांबूस रंग, उत्तम दात

आमची वस्ती नगरच्या कॅम्पाला खेटून आहे. गोऱ्या साहेबांनी घोड्यांसाठी तबेले बांधले आणि घोडे सांभाळणारे मोतद्दार तबेल्यांमागे झोपड्या टाकून राहिले. त्यांच्यामागून भिश्ती आले, धोबी आले, मग दुष्काळाला कंटाळून पारनेर-श्रीगोंद्याकडची माणसं आली. साहेब गेले, घोडे गेले आणि आमच्या लोकांनी तबेले बळकावले. अजूनही आमचं घर बरोबर एका घोड्याएवढं रुंद आहे. पाहुणा आत आला की त्याला वळता येत नाही, उलट्या पावलांनीच बाहेर काढावा लागतो.

परवा घरकुलासाठी पाहणी आली. जुन्या रहिवासाचा पुरावा नसेल तर यादीत नाव नाही, म्हणजे वस्ती पाडली की आम्ही रस्त्यावर. रेशनकार्ड वाळवीने फस्त केलेलं, वीज शेजारच्या चाचींच्या मीटरवरून. तरी वडील निर्धास्त होते. त्यांच्या पणजोबांचा इंग्रजी शिक्क्याचा कागद आमच्याकडे होता. दर दसऱ्याला आम्ही त्याला झेंडू वाहायचो. उघडायची मात्र कुणाची टाप नव्हती. हवा लागली की शिक्का उडतो, हे वडिलांचं शास्त्र.

पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने कागद उलगडला आणि मराठी करून वाचायला लागला.

“रंग तांबूस.”

“व्हय, लई देखने हुते,” वडील म्हणाले.

“दात उत्तम.”

“मरेस्तोवर ऊस सोलून खाल्ला!”

“लाथ मारायची खोड.”

“तापट मानूस, साहेब.”

“शेपटी आखूड.”

वडिलांनी मान वाकडी करून कागदात डोकावलं.

“काका, घोडा इथे राहायचा हे सिद्ध झालं,” अधिकारी म्हणाला. “तुमचं काय?”

मला हसू आवरेना, आणि वडिलांचा उतरलेला चेहरा पाहून स्वतःचा रागही आला. चाची मात्र पदर खोचून पुढे झाल्या. “घोडं काय सोताच्या हातानं पानी काढून पीत हुतं? लीद कोन उचलत हुतं त्याची? मानूस हुताच ना हितं?”

अधिकारी हसला, पण त्याला पटलं. वडिलांचं नाव यादीत लिहून त्याने विचारलं, “आणि मूळ रहिवासी? त्या मोतद्दाराचं नाव काय?”

वडिलांनी कागद हातात घेऊन उलटसुलट केला. घोड्याचे दातसुद्धा कागदावर होते. पणजोबांचं नाव कुठेच नव्हतं, वडिलांनाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

“नुसतं मोतद्दार लिवा,” ते हळूच म्हणाले.