गार टायर आणि माझी सून

माझ्या सुनेला गाडी चालवता येत नाही असं जो कोणी म्हणेल, त्याला माझ्यासमोर उभा करा. हेमलता म्हणतात मला. दिल्लीत सरकारी नोकरीत जन्म घालवलाय, भल्याभल्या साहेबांना गप्प केलंय.

अक्षया मूळची परभणीची, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेली. आमच्या आशयशी लग्न करून सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आली आणि थोड्याच दिवसांत गुडगावला स्पोर्ट्स कारच्या शोरूममध्ये नोकरीला लागली. शेजारणी विचारायच्या, "भाभीजी, बहू रिसेप्शन पे बैठती है?" मी म्हणायचे, "नहीं जी, गाडी के नीचे लेटती है."

दुरुस्त झालेली गाडी फिरवून तपासायची, हे तिचं काम. पण तिला हवी होती ट्रॅकवरच्या ड्रायव्हरची जागा. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून गाडी पूर्ण वेगात पळवायची आणि ती कशी आवरायची ते शिकवायचं. अशी एकच जागा त्या वर्षी रिकामी झाली आणि नावं दोन होती, अक्षया आणि तिच्याबरोबरचा नीरज. जानेवारीत ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर नव्या मॉडेलचा कार्यक्रम ठरला. पहिली फेरी अक्षयाची, ती चांगली झाली तर जागा तिची, असं तिच्या बॉसने, त्या सेठीने, सगळ्यांसमोर सांगितलं.

मग काय विचारता! रोज जेवताना घरात टायर. मला त्यातलं कळतंय डोंबल, पण ऐकून ऐकून पाठ झालं. थंडीत इंजिन खूश असतं म्हणे. गार हवा दाट असते, इंजिनाला ती जास्त मिळते, ताकद वाढते.

"आणि टायर?" मी विचारलं.

"टायर रुसतात, आई. या गाड्यांचे टायर उन्हाळ्याचे. गारठ्यात त्यांचं रबर खोबरेल तेलासारखं थिजतं, रस्ता धरतच नाही. आधी सावकाश दोन-तीन फेऱ्या मारून ते गरम करायचे, मगच पळवायची. आणि उभी ठेवली की पुन्हा गार."

म्हणजे इंजिन पळायला उतावीळ आणि पाय घसरडे. एवढं मला कळलं, ते सेठीला कळू नये?

कार्यक्रमाला घरच्यांना पास होते. आशयला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी एकटीच गेले, स्वेटरवर कोट, कोटावर शाल. धुकं नुकतंच वर सरकलं होतं. अक्षयाने फेऱ्या मारून गाडी आणून उभी केली. माझा हात धरून टायरवर ठेवला. चांगला गरम लागत होता. पोरगी नुसती फुलून आली होती.

पण प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. आले, तर आधी पंडितजी. गाडीला हार, पुढे कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, चारी चाकांखाली लिंबं. मग पाहुण्यांना शाल, मग पुष्पगुच्छ, मग भाषण. गाडी लिंबांवरून वीतभर पुढे घेतली, टाळ्या, फोटो. पाहुण्यांच्या बायकोचे डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो. पाऊण तास सहज गेला असेल.

अक्षया सेठीकडे गेली. मी जवळच होते. "सर, टायर ठंडे हो गए. दो राउंड धीरे लेने दीजिए, फिर फुल स्पीड."

"टाइम नहीं है. सीधा फुल."

ती पुन्हा तेच म्हणाली, तर तो हसला. "डर लग रहा है तो बोल दो. नीरज बैठ जाएगा."

सांगा, काय करायचं तिने? नाही म्हणाली तर भित्री, हो म्हणाली तर जिवाशी गाठ. पाहुणे शेजारी बसायला निघाले होते. "पहला राउंड मैं अकेले लूंगी," एवढं मात्र तिने ऐकायला लावलं आणि बसली.

गाडी अशी सुटली की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. इंजिन काय गरजत होतं मेलं! पहिलंच वळण आलं. अक्षयाने वेग कमी केलेला मी या डोळ्यांनी पाहिला, पण मागची चाकं बाजूला सरकली, गाडी गर्रकन फिरली आणि गवतात उलट्या तोंडाने जाऊन थांबली. मी खुर्चीवरून उठून काय ओरडले, मलाच ठाऊक नाही. तिला काही झालं नाही, गाडीवर ओरखडासुद्धा नाही. पण मंडपात हशा पिकला. पाहुणे म्हणाले, "लेडीज को बिठाओगे तो यही होगा." आणि सेठी, सगळं माहीत असलेला सेठी, त्यांच्याबरोबर हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एवढ्यात चहा-पकोडे आले आणि पाहुण्यांची घाई कुठल्या कुठे पळाली. मग सेठी अक्षयाला म्हणाला, "तुम दो-तीन राउंड मारके टायर गरम कर दो. सर को नीरज घुमाएगा."

मला वाटलं, आता ही हेल्मेट याच्या टाळक्यात घालणार. मी पदर खोचून तयारच होते. पण अक्षया हेल्मेट चढवून गाडीत बसली. सावकाश फेऱ्या मारल्या, उतरली, चारी टायरांना हात लावून पाहिलं आणि नीरजला म्हणाली, "अब ठीक है." त्याने पाहुण्यांना बसवून गाडी झकास पळवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. जागा त्याला तिथल्या तिथे जाहीर झाली. अक्षया अजून तिथेच नोकरी करते. थंडीत ट्रॅकचा कार्यक्रम असला की त्याच्यासाठी टायर गरम करून देते.

त्या दिवशी परतताना टॅक्सीत मी तिच्यावर तडकले. "कशाला बसलीस गं पुन्हा? जाऊ द्यायचं होतं त्याला गार टायरवर! घसरला असता म्हणजे डोळे उघडले असते सगळ्यांचे."

"त्याच्या शेजारी माणूस बसणार होता, आई." ती खिडकीबाहेर बघत होती. रडत नव्हती, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "आणि डोळे कसले उघडतायत? नीरज घसरला असता, तर म्हणाले असते, आज थंडी फार आहे."