अकरा नंबरचा पोर्ट

निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. खुनाचे, दरोड्यांचे तपास केले, त्यातले बरेचसे आता पुसटही झालेत. पण आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका खासगी रुग्णालयातली ती दुपार काही केल्या मनातून जात नाही. तिथे कुणी कुणाचा खून केला नव्हता, काही चोरीला गेलं नव्हतं. तरी इतका जड तपास मी दुसरा केला नाही. त्यातली माणसं अजून याच जिल्ह्यात राहतात, म्हणून कुणाचंही नाव लिहीत नाही.

दुपारी चारच्या सुमारास ठाणे अंमलदाराने निरोप दिला की रुग्णालयात पेशंट दगावली आहे आणि नातेवाइकांनी गोंधळ घातला आहे. दोन बीट मार्शल पुढे पाठवून मी मागोमाग पोचलो. दुसऱ्या मजल्यावर काचा फुटल्या होत्या. एक नर्स भिंतीला टेकून उभी होती. टोपी खाली पडलेली, गालावर बोटं उमटलेली. तिचा मोबाइल फरशीवर तुकडे होऊन पडला होता.

गेलेली बाई साठीची. शहराच्या कडेला त्यांचं फुलांचं शेत. शेवंती आणि गुलाब तोडून रोज बाजारात नेणारं कष्टाळू कुटुंब. हृदयाचा त्रास झाला म्हणून तिला आणलं होतं. तब्येत सुधारली म्हणून अतिदक्षता विभागातून बाहेरच्या वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर हलवलं होतं. एकुलता एक मुलगा पुण्याच्या एका कंपनीत संगणक अभियंता. आठ दिवस रजा न घेता आईच्या उशाशी बसून लॅपटॉपवर काम करत होता. तक्रारदार तोच.

"साहेब, आई तडफडून गेली आणि ही बाई फोनवर गप्पा मारत होती," तो ओरडून सांगत होता. "कॅमेऱ्यात बघा. तिच्यावर गुन्हा दाखल झाल्याशिवाय मी आईला इथून हलवणार नाही."

उपचारात हलगर्जीपणाचा आरोप असला की थेट अटक करता येत नाही. आधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीचा अभिप्राय घ्यावा लागतो. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला आणि कॅमेऱ्याचं चित्रण ताब्यात घेतलं. चित्रणात आवाज नव्हता. पण पावणेतीनच्या सुमारास सिस्टर जवळजवळ दोन मिनिटं मोबाइल कानाला लावून उभी आहे, हे स्वच्छ दिसत होतं.

त्या वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी एक मॉनिटर होता. त्यावरचे हृदयाचे ठोके वायरीमधून सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर दिसत. सिस्टरने जबाबात सांगितलं, "अडीचनंतर सात नंबरचं चित्र पडद्यावरून गेलं. मी नेटवर्कवाल्या दादांना फोन केला. ते म्हणाले, वायर दाबून बघा, मी येतो. मी वायर दाबली, काही झालं नाही. मग दर पंधरा मिनिटांनी स्वतः जाऊन बघत होते. तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या आजोबांना धाप लागली. तिथून निघता आलं नाही. परत आले तर..."



त्या खाटेजवळच्या मॉनिटरचा आवाज बाईंना झोप लागावी म्हणून आदल्या दिवशी डॉक्टरांनीच कमी केला होता. बाई गेल्या तेव्हा मुलगा फोनवर बोलायला खाली गेला होता; जाताना त्याने सिस्टरला मोबाइलवर बोलताना पाहिलं होतं.

नेटवर्कचं काम बघणारा माणूस चाळिशी ओलांडलेला, शांत, नीटनेटका. रुग्णालयातली सगळी यंत्रणा त्यानेच बसवलेली. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतलीही कामं तो करायचा आणि त्या दुपारी तिथेच होता. त्याने सांगितलं, "दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी सिस्टरचा कॉल आला होता, साहेब. पण रेंज नव्हती. काही ऐकू आलं नाही, कट झाला."

रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने लेखी दिलं की नेटवर्कमध्ये कसलाही बिघाड नव्हता. सिस्टरला त्यांनी त्याच दिवशी घरी बसवलं.

मीही तेच धरून चाललो. चित्रण होतं, तक्रारदार शिकलेला होता आणि सिस्टरच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. तिचे वडील सुरगाण्याकडून पहाटेची गाडी पकडून रोज ठाण्यात यायचे. बाकावर बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाले, "माझी पोर खोटं बोलत नाय, साहेब. लहानपणापासून नाय."

मी समोरच्या कागदांवरून मान वर न करता म्हणालो, "बाबा, कॅमेऱ्यात दिसतंय सगळं. आता काय बोलायचं राहिलंय?"

ते पुन्हा बाकावर जाऊन बसले.

तपास फिरला तो वॉर्डात साफसफाई करणाऱ्या एका मावशींमुळे. चौथ्या दिवशी मी जागेची पाहणी करून निघालो होतो. जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "माझं नाव कुठं घेऊ नका, साहेब. त्या दिवशी गर्दी पांगल्यावर तो नेटवर्कवाला त्या भिंतीतल्या कपाटापुढे बसला होता. लय रडत होता. बाई त्याची कोण लागत होती का?"

कोणी लागत नव्हती. मग तो का रडला?

मी त्याचा जबाब पुन्हा काढून वाचला. इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकलो होतो. खरं सांगणारा माणूस "पावणेतीनच्या आसपास" म्हणतो. जो मिनिटासकट वेळ सांगतो, तो बहुधा घरून तयारी करून आलेला असतो. हे पहिल्याच दिवशी माझ्या कानाला खटकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मोबाइल कंपनीकडून कॉलचा तपशील आला. सिस्टरचा कॉल एक मिनिट चाळीस सेकंद चालला होता.

त्याला सकाळी अकराला ठाण्यात बोलावलं. चहा दिला. तपशिलाचा कागद समोर ठेवला आणि विचारलं, "रेंज नसताना एक मिनिट चाळीस सेकंद काय ऐकत होतात?"

त्याने कागद बघितला. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सगळं ऐकू आलं होतं, साहेब. येतो म्हणालो. सिन्नरहून गाडी काढली. पोचलो तेव्हा बाई गेल्या होत्या."

"तिथूनच दुरुस्त करता आलं नसतं?"

"नाही. बाहेरून कुणी आत शिरू नये म्हणून ती वाट मीच बंद ठेवली होती."

मग त्याने मला समजावून सांगितलं. मजल्यावरच्या सगळ्या वायरी कपाटातल्या एका चपट्या पेटीत येतात, तिला स्विच म्हणतात. वायर खोचायच्या प्रत्येक खाचेला पोर्ट म्हणायचं. साधा स्विच जे लावाल ते चालवतो. हा मॅनेज्ड स्विच होता, म्हणजे नेमून दिलेले नियम पाळणारा. कुठल्या पोर्टवर कुठलं यंत्र चालेल हे त्याने एकेक करून ठरवून दिलं होतं. अनोळखी यंत्र लागलं की पोर्ट लगेच बंद. आणि एकदा बंद झाला की त्याने स्वतः येऊन उघडेपर्यंत बंदच. मग आधीचंच यंत्र परत लावा, उपयोग नाही.

"सात नंबरच्या खाटेची वायर अकरा नंबरच्या पोर्टवर होती," तो म्हणाला. "कुणीतरी तिथे दुसरंच यंत्र लावलं. स्विचने मी सांगितलं होतं तेच केलं. पोर्ट बंद झाला तर सूचना यायची सोय असते. ती मी दिली नव्हती. पुढच्या आठवड्यात करू, पुढच्या आठवड्यात करू, असं म्हणत राहिलो. नियम लिहिताना मला फक्त पोर्टचा नंबर दिसत होता, साहेब. त्या वायरीच्या टोकाला माणूस झोपलेला असेल, हे डोक्यात आलं नाही."

"मग स्विचमध्ये याची नोंद असेल."

"होती. मी पोर्ट उघडला आणि नोंद पुसली. मला दोन मुली आहेत. घाबरलो."

"सिस्टरला मार बसलेला दिसला होता ना तुम्हाला?"

"दिसला होता," एवढंच म्हणून त्याने तोंड ओंजळीत धरलं.

मी तपशिलाचा कागद फाइलमध्ये ठेवला. मग विचारलं, "पुसलेली नोंद परत मिळते?"

तो नाही म्हणाला असता तर माझ्याजवळ दुसरा रस्ता नव्हता. पण त्याने डोळे पुसले आणि सांगितलं, "स्विचमधली मिळत नाही. पण प्रत्येक नोंदीची एक प्रत ऑफिसच्या सर्व्हरवर जाते. तशी व्यवस्था मीच केली होती. ती मी पुसलेली नाही."

त्याच दुपारी दोन पंचांसमोर, सायबर पोलीस ठाण्यातल्या एका महिला अंमलदाराच्या मदतीने ती प्रत काढली. एकच ओळ होती. दोन वाजून अडतीस मिनिटं, पोर्ट अकरा, अनोळखी यंत्र, पोर्ट बंद. पुढे त्या यंत्राचा बारा अक्षरांचा पत्ता. असा पत्ता प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. रुग्णालयातली सगळी यंत्रं तपासली. कुणाशीही जुळला नाही.

तेव्हा मला सात नंबरच्या खाटेशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला तो मुलगा आठवला.

आईचं तेरावं होईपर्यंत मी थांबलो. वरिष्ठांनी एकदा विचारलंही. मग साध्या कपड्यांत, सायबर ठाण्याच्या त्या अंमलदाराला बरोबर घेऊन त्याच्या घरी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. शेतात शेवंती फुलून सुकत चालली होती, तोडायला कुणाचं मन झालेलं नव्हतं. मुलाने खुर्च्या मांडल्या. लॅपटॉप मागितला तर लगेच आणून दिला. अंमलदाराने त्यातला पत्ता काढून माझ्या हातातल्या कागदाशी ताडून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, "त्या दुपारी आईच्या मॉनिटरची वायर तुम्ही काढली होती का?"

"हो," तो सहज म्हणाला. "मोबाइलचं नेट मिळत नव्हतं. एक फाइल पाठवायची होती. दोन मिनिटं लॅपटॉपला लावून बघितली. नाही चाललं, म्हणून लगेच परत लावली. मॉनिटर तर चालूच होता. आईने विचारलंसुद्धा, काय करतोस रे? मी म्हटलं, काही नाही..."

तो बोलता बोलता थांबला. संगणकाच्या क्षेत्रातला माणूस. मला समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या हातातला कागद त्याने घेतला, वेळ वाचली, ओळ पुन्हा वाचली.

"परत लावली होती ना, साहेब," तो म्हणाला. "नीट लावली होती मी."

ओट्यावरून वडिलांनी विचारलं, "काय झालं रे?"

मुलाने कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. 

खरं तर त्याला सांगायलाच हवं असं नव्हतं. अहवालात "अनोळखी यंत्र" एवढं लिहून मी फाइल बंद करू शकलो असतो. आई गमावलेल्या माणसावर आणखी हे ओझं कशाला, असं रस्त्याने जाताना चार वेळा मनात आलं होतं. पण मग सिस्टरच्या नावावरचा डाग तसाच राहिला असता. दोघांपैकी एकाला दुखवल्याशिवाय माझी सुटका नव्हती.

समितीचा अभिप्राय महिन्याभराने आला. सिस्टरची हयगय आढळली नाही. वेळेवर कळलं असतं तर बाई वाचल्या असत्या की नाही, हे निश्चित सांगता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मुलाला ते वाचून दाखवलं.

"म्हणजे वाचली असती?" त्याने विचारलं.

"नसतीही," मी म्हणालो. 

तक्रार मागे घ्यायची असल्याचा जबाब द्यायला तो ठाण्यात आला, त्या दिवशी सिस्टरलाही तिचा मोडलेला मोबाइल परत न्यायला बोलावलं होतं. सोबत तिचे वडील होते. मुलगा उठला, तिच्यासमोर गेला आणि हात जोडून उभा राहिला. 

ती म्हणाली, "तुमच्या आई मला पोरी म्हणायच्या. सकाळी वेणी घालताना म्हणाल्या होत्या, घरी गेले की तुझ्यासाठी शेवंती पाठवते." माफ केलं, असं ती म्हणाली नाही. रडत होते दोघेही.

रुग्णालयाने तिला परत बोलावलं, पण ती गेली नाही. पेठ तालुक्यातल्या एका दवाखान्यात लागल्याचं नंतर कळलं. नोंद पुसल्याबद्दल नेटवर्कवाल्यावर कारवाई झाली. ती प्रत त्यानेच दाखवली, हे मी अहवालात स्पष्ट लिहिलं. मुलाने पुण्याची नोकरी सोडली. आता तोच वडिलांबरोबर पहाटे फुलं तोडतो, असं ऐकतो.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलताना मला विचारतात. मी सांगतो की आवाज नसलेल्या चित्रणावर विसंबू नका, यंत्राची नोंद आधी ताब्यात घ्या. हे खरंच आहे, त्यांच्या कामाचंही आहे.

पण एक गोष्ट मी तिथे सांगत नाही, ती इथे लिहितो. सिस्टर मोबाइल न्यायला आली त्या दिवशी बापलेक निघाले तेव्हा तिच्या वडिलांनी मलाही नमस्कार केला. "उपकार झाले, साहेब," म्हणाले. चूक माझीही होती आणि ती मला माहीत होती. टेबलाला वळसा घालून चार पावलं पुढे जायचं होतं, बाबा, चुकलो, एवढं म्हणायचं होतं. अंगावर वर्दी होती, समोर अंमलदार उभे होते. मी फक्त मान हलवली आणि पुढची फाइल ओढली.