मामांचा शेवटचा नकाशा

आमच्या मामांइतका दिशांचा ध्यास घेतलेला माणूस शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडला नसता. फौजेत उमेदीची वर्षं घालवून ते कवठे येमाईला परतले, ते एक होकायंत्र आणि दिसेल त्याला नकाशा वाचायला शिकवायची खोड घेऊन. कागद हातात आला की आधी उत्तरेला लावायचा, हा पहिला धडा. मग ती लग्नपत्रिका का असेना! मागे कार्यालयाचा नकाशा छापलेली एक पत्रिका त्यांनी वरबापाला तिथल्या तिथे परत केली. "पावणं, ह्यात उत्तर कुठं हाय? वऱ्हाड काय वाऱ्यावर सोडायचं?" पाहुण्यांनी मुकाट्याने पेनाने बाण काढून दिला, तेव्हा कुठे मामा लग्नाला गेले.

चालताना ते पावलं मोजत. शंभर मीटरला त्यांची एकशे तीस पावलं होत आणि मध्येच मामींनी "दूध आणा" म्हटलं की गडी चिडून पुन्हा फाटकापासून सुरुवात करी. होकायंत्र उघडलं की मामींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून लांब ठेवायचा, कारण लोखंडाने सुई बहकते. डोंगराची उंची कागदावर कशी येते हे मला त्यांनी कांद्यावर शिकवलं. अर्धा कांदा पालथा घालून त्याच्या आडव्या चकत्या केल्या आणि माझ्या वहीत एकेकीच्या कडेने पेन्सिल फिरवली. "रेघा जवळ जवळ आल्या की चढ, लांब लांब गेल्या की सपाटी. कळलं का?" मला कळलं होतं; पण मोबाइल वाट दाखवत असताना हे कशाला, असंही मनात आलं होतं. त्या वह्यांना कांद्याचा वास यायचा.

पुढे मामांची नजर अधू झाली. भिंग लावून कागदावरचं दिसे, लांबचं सगळं धुकं. त्याच सुमारास गावच्या शाळेतल्या गुरुजींनी एक खेळ ठरवला. टेकडीमागच्या एका खडकाशी ते पेढे घेऊन लपणार आणि मुलांनी मामांच्या नकाशावरून त्यांना शोधायचं. मामांचं वय एकदम दहा वर्षांनी उतरलं. मी तेव्हा दौंड तालुक्यातल्या राहू गावी राहत होतो. त्यांनी मला फोन केला, "एकदा येऊन ओढ्याची वाट चालून बघ. मला आता लांबचं दिसत न्हाई. वळणावरची बाभळ हाय का, आन् टेकडीची वाट तिथनंच फुटती का, एवढंच सांग."

येतो येतो म्हणत मी तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी पुन्हा फोन आला, तेव्हा घरच्या सोफ्यावर बसूनच सांगितलं, "बघून आलो मामा. सगळं जसंच्या तसं आहे."

"मंग झालं! तूच माझं डोळं," मामा म्हणाले. पुढचा महिनाभर ते भिंगाखाली नकाशा काढत होते. इतका देखणा नकाशा त्यांनी आधी कधी काढला नव्हता.

खेळाच्या दिवशी मी गेलो. मुलं हुर्रे करत निघाली आणि तासाभराने कुणाच्या तरी कांद्याच्या वावरातून शिव्या खाऊन, हसत परत आली. ओढा जेसीबीने कधीच सरळ झाला होता. वळण नव्हतं, बाभळ नव्हती, आणि वाट भलतीकडूनच फुटत होती. गुरुजी पेढ्यांचा पुडा तसाच घेऊन आले. मामा कागदावरून बोट फिरवत राहिले.

"डोळं गेलं माझं, गुरुजी. आता न्हाई जमत." मग माझ्याकडे वळून ओशाळून म्हणाले, "तू एवढा उन्हातान्हात हिंडून सांगितलंस, आन् मीच चुकीचं उतरवलं बघ."

तिथेच बोलायला हवं होतं. सगळ्यांसमोर लाज वाटली. नंतर एकट्यात सांगू म्हटलं, आणि तेही राहिलं. मामांनी पुन्हा पेन्सिल हातात घेतली नाही. चूक आपल्याच डोळ्यांची, असं समजून ते गेले. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

परवा मामींना भेटायला कवठ्याला गेलो होतो. चहा व्हायला वेळ होता म्हणून ओढ्यापर्यंत चालत जाऊन आलो. जाऊन येऊन वीस मिनिटं लागली.